पांथस्थ आणि प्रासाद : ताज हॉटेलांची कथा

'हॉटेल' हा शब्द आपल्या भाषेत आला खरा, परंतु येताना आपला मूळ अर्थ त्याने वेशीबाहेरच ठेवला. 'जरा हॉटेलात जाऊन येतो' असे आपण म्हणतो तेव्हा आपल्या मनात चहाचा कप, भज्यांची बशी आणि फार तर मिसळ एवढेच असते. उतरण्याच्या जागेला आपण पूर्वी धर्मशाळा म्हणत होतो, पुढे लॉज म्हणू लागलो. आणि जेवणाच्या जागेला खाणावळ. प्रवाशाला निवारा, अंथरूण, स्नान, भोजन आणि त्याच्या सामानाची राखण हे सारे एकाच छपराखाली, रोख पैसे मोजून मिळावे ही कल्पना आपल्याकडे तशी अलीकडची. अशी एक नव्हे तर अनेक घरे निरनिराळ्या गावी एकाच नावाने आणि एकाच शिस्तीने चालावी, ही कल्पना तर त्याहूनही अलीकडची. इंग्रजीत अशा घरांच्या मालिकेला साखळी म्हणतात, आणि तो शब्द आपणही उचलला आहे. आज आम्ही जी कथा सांगणार आहोत ती अशाच एका साखळीची आहे. तिची पहिली कडी मुंबईस, अपोलो बंदरावर घडली. तिचे नाव ताज.

येथे एक रास्त शंका प्रथमच उपस्थित होते. ज्या दारातून आपल्यापैकी बहुतेकांना कधी आत जावयाचे नाही, त्या दारामागची कथा आपण कशासाठी ऐकावी? ज्या देशात लक्षावधी माणसे रात्री फलाटावर निजतात, त्या देशात एका रात्रीस हजारो रुपये घेणाऱ्या घराचे कौतुक करणे शोभते काय? ही शंका आम्ही झटकून टाकीत नाही. किंबहुना तीच मनाशी धरून ही कथा पाहावयाची आहे. मात्र उत्तर देण्याची घाई करून चालणार नाही. प्रथम हे घर कोणी, केव्हा आणि कशासाठी बांधले ते पाहू.

१८९६ साली मुंबईत ग्रंथिज्वराची, म्हणजे प्लेगची साथ आली. आपल्या आजोबा-पणजोबांच्या बोलण्यात 'प्लेगाचे साल' येत असे ते याच काळातले. माणसे घरेदारे टाकून पळत होती, गिरण्यांना कामगार मिळेनासे झाले होते आणि मुंबई हे राहण्यायोग्य शहर उरले नाही असे व्यापारी जगात बोलले जाऊ लागले होते. अशा वेळी, १८९८ साली, जमशेटजी टाटा यांनी अपोलो बंदराजवळची समुद्र हटवून केलेली जमीन ९९ वर्षांच्या कराराने घेतली आणि तेथे एक भव्य हॉटेल बांधावयाचे ठरविले. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू करून जमशेटजींनी गिरणीधंद्यात नाव मिळविलेले होते. गिरणीदाराने हॉटेल काढावे हे त्यांच्या घरच्यांनाही विचित्र वाटले. त्यांच्या एका बहिणीने, तू आता भटारखाना घालणार काय, असे त्यांना हिणविल्याची हकीकत त्यांच्या चरित्रांतून आलेली आहे. भटारखाना म्हणजे स्वयंपाक्यांचे काम. प्रतिष्ठित माणसाने त्यात पडू नये ही समजूत तेव्हा केवळ त्याच घरात होती असे नाही.

जमशेटजींनी हे का केले याविषयी एक कथा सर्वश्रुत आहे. काळा घोड्याजवळ वॉटसन्स हॉटेल होते. इंग्लंडातून लोखंडी सांगाडा आणून उभारलेली ही इमारत १८७१ साली उघडली आणि ती युरोपियनांची मिरासदारी समजली जाई. तेथे जमशेटजींना काळे म्हणून मज्जाव झाला आणि त्या अपमानाचा सूड म्हणून त्यांनी ताज बांधले, असे सांगतात. कथा मोठी चित्ताकर्षक आहे. परंतु तिला त्या काळचा पुरावा मिळत नाही आणि इतिहासाचे अभ्यासक ती मान्य करण्यास कचरतात. आमच्या मते तिची गरजही नाही. त्या काळी हिंदी माणसाला पुष्कळ दारे बंद होती हे निर्विवाद आहे. ते समजण्यासाठी एका माणसाचा एका दिवशी झालेला अपमान सिद्ध करावा लागत नाही. जमशेटजींच्या डोळ्यांपुढे सूडापेक्षा मोठी गोष्ट होती. परदेशचा माणूस या देशात यावा, त्याने येथे राहावे, येथील व्यापार पाहावा, आणि त्यासाठी त्याला उतरावयास जागा हवी असा त्यांचा सरळ हिशेब होता. मालकी मिरविण्याची त्यांना हौस नव्हती. त्यांच्या मनात चार मोठी कामे होती असे सांगतात : पोलादाचा कारखाना, विज्ञानाचे विद्यापीठ, पाण्यापासून वीज, आणि हे हॉटेल. १९०४ च्या मे महिन्यात जर्मनीत त्यांचा अंत झाला. पोलादाची कंपनी १९०७ साली निघाली, बंगलोरची विज्ञानसंस्था १९०९ साली, आणि खोपोलीची वीज मुंबईस १९१५ साली पोहोचली. चारांपैकी डोळ्यांदेखत पुरे झालेले काम एकच, ते म्हणजे हॉटेल. पोलाद, विद्या आणि वीज यांच्या पंक्तीला त्यांनी पाहुणचाराला बसविले, हे आपण लक्षात ठेवू. पुढे त्याचा उपयोग होईल.

इमारतीचे आराखडे केले ते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य या महाराष्ट्रीय स्थापत्यतज्ज्ञाने आणि त्यांचे सहकारी डी. एन. मिर्झा यांनी. वैद्य काम पुरे होण्यापूर्वीच वारले आणि ते डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज स्थापत्यतज्ज्ञाने तडीस नेले. बांधकामाचा मक्ता खानसाहेब सोराबजी रतनजी यांच्याकडे होता; आतला प्रसिद्ध अधांतरी जिना त्यांच्या कल्पकतेचा समजतात. ताजच्या वास्तूविषयी दुसरी एक दंतकथा अशी की, आराखडा उलटा वाचला गेल्याने इमारत पाठमोरी बांधली गेली आणि ते पाहून स्थापत्यकाराने जीव दिला. हीही निव्वळ कल्पना. इमारतीचे मुख्य दार मुळात पश्चिमेस, शहराच्या बाजूस होते, कारण पाहुण्यांच्या घोडागाड्या तिकडून येत. आणि राहण्याच्या उत्तम खोल्यांना समुद्र व त्याचा वारा मिळावा म्हणून लांब दर्शनी बाजू बंदराकडे ठेवलेली होती. पुढे वहिवाट बदलली, समुद्राकडचे दार मुख्य झाले आणि जुन्या दारापुढच्या अंगणात पोहण्याचा तलाव झाला. आज गेटवे ऑफ इंडियापाशी उभे राहून जे तोंड आपण पाहतो ती एका अर्थी या घराची पाठ आहे. गेटवे मात्र हॉटेलाहून धाकटा. तो १९२४ साली पुरा झाला.

१६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल उघडले तेव्हा इमारतीचे काम अजून चालूच होते आणि पहिल्या दिवशी पाहुणे होते अवघे सतरा. विजेचे दिवे, अमेरिकन पंखे, जर्मन पाळणे म्हणजे लिफ्ट, तुर्की पद्धतीची स्नानगृहे, स्वतःचा बर्फाचा आणि सोड्याचा कारखाना, स्वतःची यंत्रांची धुलाई, असा सारा सरंजाम होता. जमशेटजींनी युरोपात हिंडून पुष्कळशी यंत्रसामग्री स्वतः पारखून घेतली होती. एकूण खर्च सुमारे २५ लाख रुपये झाला, आणि खोलीचे भाडे दहा रुपयांच्या घरात होते.

सतरा पाहुणे आणि पंचवीस लाख रुपये! या दोन आकड्यांतच हॉटेलधंद्याचे सारे मर्म आहे. ते क्षणभर उलगडून पाहू. कापडाच्या व्यापाऱ्याचा एखादा ठाण आज खपला नाही तर तो उद्या खपेल, पुढच्या दिवाळीस खपेल. हॉटेलाची खोली मात्र आज रात्री रिकामी राहिली तर ती रात्र कायमची बुडाली. उद्या त्या खोलीत दोन पाहुणे कोंबून कालची भरपाई करता येत नाही. कोळणीच्या पाटीतली मासळीदेखील संध्याकाळी स्वस्तात विकता येते, उरल्यास खारवता येते. रात्र खारवता येत नाही. उलट, खोली रिकामी असो वा भरलेली, दिवा जळतोच, पहारेकरी उभा असतोच, आचाऱ्याचा पगार चालूच असतो. समजा एखाद्या हॉटेलात शंभर खोल्या आहेत आणि साठ भरल्या की खर्च निघतो. एकसष्टाव्या खोलीपासून नफा सुरू होतो. आणि पन्नासच भरल्या तर रोज रात्री दहा खोल्यांचे पैसे समुद्रात जातात. म्हणून हॉटेलवाल्याची नजर सदैव पुढच्या महिन्यावर असते. साथ आली, युद्ध झाले, बोटी थांबल्या की पहिला घाव त्याच्यावर बसतो. आणि म्हणूनच एकच घर असण्यापेक्षा निरनिराळ्या ठिकाणी अनेक घरे असणे त्याला सोयीचे असते. एका गावचा मंदीचा हंगाम दुसऱ्या गावच्या तेजीने भरून निघतो. साखळीचे पहिले कारण हे.

पण ताजची साखळी होण्यास सत्तर वर्षे लागली. १९०२ साली जी इंडियन हॉटेल्स कंपनी स्थापन झाली तिची मदार त्या सबंध काळात मुंबईच्या या एका घरावर होती. या घराने काय काय पाहिले! पहिल्या महायुद्धात तेथे सहाशे खाटांचे लष्करी इस्पितळ झाले. दोन युद्धांच्या मधल्या काळात संस्थानिक, गोरे अधिकारी, बोटीने येणारे-जाणारे प्रवासी आणि हिंदी पुढारी एकाच दिवाणखान्यातून वावरू लागले. सरोजिनी नायडूंचे मुंबईतील वास्तव्य पुष्कळदा येथे असे. १९३३ साली हार्बर बार निघाला. संगीताच्या मेजवान्यांतून अमेरिकन जॅझवादकांच्या पाठोपाठ गोव्याचे वादक पुढे आले. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले आंतोनियो झेवियर वाझ यांचा ताफा ताजमध्ये वाजत असे. भटारखान्यात मास्सी या नावाने ओळखले जाणारे गोमंतकीय बल्लव मिगेल मास्करेन्हस यांनी युरोपियन आचाऱ्यांची मक्तेदारी मोडली. आमच्या दृष्टीने या घटना राजेरजवाड्यांच्या मुक्कामाहून महत्त्वाच्या आहेत. परक्यांच्या पद्धतीचे घर आपल्या माणसांनी आपल्या हातात घेतले ते स्वयंपाकघरातून आणि वाद्यवृंदातून, दिवाणखान्यातून नव्हे.

स्वातंत्र्यानंतर घराचा थाट टिकला तरी काळ बदलला होता. मुंबई इलाख्यात दारूबंदी आली, बोटींचे प्रवासी घटले, आणि जुन्या इमारतीची डागडुजी मागे पडू लागली. १९६० ते १९७५ या पंधरा वर्षांत मात्र तीन गोष्टी जुळून आल्या आणि एका घराची साखळी झाली.

पहिली गोष्ट आकाशात घडली. जेट विमानांनी युरोप आणि हिंदुस्थान यांतील अंतर पंधरवड्यावरून काही तासांवर आणले. बोटीने येणारा पाहुणा मुंबईस उतरून आठवडाभर राही. विमानाने येणाऱ्याला दिल्ली, आग्रा, जयपूर, मद्रास सारे पंधरा दिवसांत पाहावयाचे असे. त्याला एका गावी उत्तम घर असून भागत नव्हते. तो जेथे जाईल तेथे ते हवे होते.

दुसरी गोष्ट राजवाड्यांत घडली. १९७१ साली घटनेत दुरुस्ती होऊन संस्थानिकांचे तनखे बंद झाले. तनखा गेला, पण वाडा उरला. आणि वाड्याचे छप्पर गळावयाचे थांबत नाही. काही राजांना ही वेळ आधीच दिसली होती. जयपूरच्या महाराजांनी रामबाग राजवाड्याचे १९५७ साली हॉटेल केले होते. उदेपूरच्या महाराण्यांनी पिचोला तलावातील अठराव्या शतकातला जगनिवास १९६३ साली पाहुण्यांसाठी खुला केला होता. परंतु वाडा असणे निराळे आणि पाहुण्यांची सरबराई धंदा म्हणून करणे निराळे. १९७१ साली उदेपूरचा आणि १९७२ साली जयपूरचा वाडा ताजच्या कारभाराखाली आला. राजाची वास्तू राहिली, कंपनीला नवे बांधकाम करावे लागले नाही, आणि पाहुण्याला राजवाड्यात निजल्याचे समाधान मिळाले. ही युक्ती पुढे जोधपूरच्या उमेद भवनापर्यंत आणि हैदराबादच्या फलकनुमापर्यंत, म्हणजे २००५ आणि २०१० सालांपर्यंत चालली.

तिसरी गोष्ट म्हणजे माणूस. अजित केरकर हे नाव आज सामान्य वाचकाच्या फारसे परिचयाचे नाही, पण ताजची साखळी झाली ती त्यांच्या कारकिर्दीत. १९९७ साली ते पायउतार होईपर्यंत सुमारे तीन दशके या संस्थेवर त्यांचा ठसा राहिला. मुंबईस जुन्या घराशेजारचे ग्रीन्स हॉटेल पाडून तेथे उंच मनोरा उभा राहिला. १९७४ साली मद्रासला कोरोमंडल आणि त्याच वर्षी गोव्यास, १६१२ साली पोर्तुगिजांनी बांधलेल्या आग्वाद किल्ल्याच्या परिसरात, समुद्रकाठचे हॉटेल निघाले. १९७८ साली दिल्लीस मानसिंग रस्त्यावर ताजमहाल हॉटेल झाले. १९८२ साली लंडनचे सेंट जेम्स कोर्ट हाती आले, आणि त्याच वर्षी लंडनमध्ये बॉम्बे ब्रासरी हे भोजनगृह निघाले. ज्या इंग्रजांचे भोजन सत्तर-ऐंशी वर्षे मुंबईत शिजविले, त्यांच्याच राजधानीत आपले भोजन मानाने वाढण्याची वेळ आली.

एवढी घरे एका कंपनीने कशी घेतली, हा प्रश्न व्यवहारी श्रोत्याच्या मनात येईलच. याच्या तीन रीती आहेत. पहिली, जागा आणि इमारत स्वतःची. यात मान मोठा, नफा आपला, पण पैसा अडकतो आणि मंदीत बुडण्याची भीतीही मोठी. दुसरी, जागा दुसऱ्याची आणि करार मुदतीचा. मुदत संपली की पुन्हा दाराशी उभे राहावे लागते. दिल्लीचे मानसिंग रस्त्यावरचे हॉटेल नवी दिल्लीच्या नगर परिषदेच्या जागेवर आहे. करार संपल्यावर वर्षानुवर्षे वाद चालून अखेर लिलाव झाला आणि २०१८ साली बोली लावून कंपनीने ते आपल्याकडे राखले. तिसरी रीत, इमारत दुसऱ्याची, पैसाही दुसऱ्याचा. आपले फक्त नाव, माणसे आणि कारभार. मालकाकडून त्याबद्दल ठरलेला मोबदला घ्यावयाचा. आपल्याकडे शेत एकाचे आणि कसणारा दुसरा ही पद्धत जुनीच आहे. येथे फरक इतकाच की कसणाऱ्याचे नाव जमीनदाराहून मोठे असते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगातील बहुतेक मोठ्या साखळ्या या तिसऱ्या रीतीकडे झुकल्या, आणि अलीकडे ताजही झुकले आहे. परदेशात मोठ्या किमतीची घरे विकत घेण्याचे धाडस करून त्यांनीही धडा घेतला : बॉस्टनचे जुने नामांकित हॉटेल २००७ साली ताजच्या नावाने चालू झाले आणि २०१६ साली विकून टाकावे लागले.

आता आपण मर्मस्थानी येऊन पोहोचलो. इमारत दुसऱ्याची, पैसा दुसऱ्याचा, जमीन तिसऱ्याची. मग साखळीचे स्वतःचे असे उरते काय? उरतो तो एक शब्द. जयपूरला जे मिळाले ते मद्रासला मिळेल, काल जे मिळाले ते उद्या मिळेल, हा पाहुण्याला दिलेला शब्द. तो झुंबराने पाळला जात नाही आणि संगमरवरानेही नाही. रात्री दोन वाजता दार उघडणाऱ्या, चादर बदलणाऱ्या, टेलिफोन उचलणाऱ्या माणसाने तो पाळावयाचा असतो. आणि नेमक्या त्या वेळी त्याच्यावर नजर ठेवणारा वरिष्ठ तेथे नसतो. कारखान्यात माल आधी तयार होतो, मग तपासला जातो, खराब असेल तर बाजूला काढला जातो. पाहुणचाराचा माल ज्या क्षणी तयार होतो त्याच क्षणी तो पाहुण्याच्या पदरात पडलेला असतो. मध्ये तपासनीस उभा करता येत नाही. तेव्हा तपासणी करावयाची ती माणसाच्या निवडीत आणि शिक्षणात. औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, १९८९ साली मौलाना आझाद शिक्षणसंस्थेने ताजच्या सहकार्याने हॉटेल-व्यवस्थापनाचे जे विद्यालय काढले, त्यामागे हीच गरज होती.

या शिक्षणाची परीक्षा २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री झाली. त्या रात्री दहशतवाद्यांनी मुंबईवर हल्ला केला आणि ताजची जुनी इमारत २९ तारखेच्या सकाळपर्यंत गोळीबार, स्फोट आणि आग यांनी वेढलेली होती. त्या घरात ३१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत सुमारे एक तृतीयांश हॉटेलचे नोकर होते. मुख्य व्यवस्थापकाची पत्नी आणि दोन मुले आगीत गेली, आणि तरीही तो माणूस पाहुण्यांना बाहेर काढण्याच्या कामी उभा राहिला. मागचे दरवाजे आणि नोकरांचे जिने ज्यांना ठाऊक होते, त्यांना आधी पळून जाता आले असते. पुष्कळजण गेले नाहीत. आचाऱ्यांनी पाहुण्यांभोवती कडे केले, टेलिफोनवरच्या मुली खोल्याखोल्यांतून दिवे बंद ठेवा, दार उघडू नका असे सांगत बसल्या. हजाराहून अधिक पाहुणे सुखरूप बाहेर पडले.

पुढे हार्वर्डच्या अभ्यासकांनी याचे कारण शोधले आणि त्यांचा निबंध २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यांना आढळले ते आपल्यासारख्या गावकऱ्यांनी आवर्जून ऐकण्याजोगे आहे. ताजची भरती मोठ्या महानगरांतून कमी आणि मध्यम व लहान शहरांतून अधिक होते. मुंबईपेक्षा पुणे, दिल्लीपेक्षा डेहराडून. वडीलधाऱ्यांचा मान राखणारी, मन मोकळे असलेली मुले तेथे मिळतात असा कंपनीचा अनुभव. इतरत्र शिक्षण वर्षाचे असते, तेथे दीड वर्षाचे. आणि शिकविताना असे सांगतात की, तुम्ही कंपनीचे वकील होऊन पाहुण्याशी बोलू नका. पाहुण्याचे वकील होऊन कंपनीशी बोला. हे एक वाक्य त्या रात्री उपयोगी पडले असे आम्ही समजतो. कारण त्या रात्री नियमांच्या पुस्तकात उत्तर नव्हते, आणि विचारावयास वरिष्ठ नव्हता. मनोऱ्याचा भाग २१ डिसेंबर २००८ रोजी पुन्हा उघडला आणि जुनी वास्तू १५ ऑगस्ट २०१० रोजी.

परंतु कौतुकाच्या भरात दुसरी बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे. अशा घरांचे ओझे कोणी तरी उचलीत असते. समुद्रकाठी मोठी हॉटेले आली की कोळ्याची होडी ओढण्याची वाट अडते, विहिरीचे पाणी खोल जाते, जमिनीचे भाव गावकऱ्याच्या हाताबाहेर जातात. गोव्यात १९८७ साली 'जागृत गोंयकारांची फौज' या संघटनेने पंचतारांकित पर्यटनाविरुद्ध जे आंदोलन उभारले, ते अशाच प्रश्नांतून. पाहुण्याला देव मानण्याची शिकवण आपल्या उपनिषदांची आहे. पण देवळातल्या देवाने गावाच्या विहिरीवर हक्क सांगितल्याचे कोणी ऐकलेले नाही. हा आक्षेप एका कंपनीपुरता नाही, साऱ्या धंद्यालाच तो लागू आहे, आणि नोकऱ्या मिळाल्या एवढ्या उत्तराने तो पुसला जात नाही.

दाराचा प्रश्नही उरतोच. वॉटसन्समध्ये कातडीचा रंग पाहिला जाई; तो भेद ताजने मोडला. त्याच्या जागी खिशाचा भेद आला. तो कातडीच्या भेदाइतका अमानुष नाही, कारण तो जन्माला चिकटलेला नसतो. पण दार बंद ते बंदच. ताजच्या चालकांनाही हे कळलेले दिसते. २००४ साली त्यांनी बंगलोरास साध्या, स्वच्छ, माफक दराच्या हॉटेलाचा आरंभ केला आणि तीच मालिका पुढे जिंजर या नावाने वाढली. तेथे झुंबर नाही, सामान उचलावयास माणूस नाही. पण चादर धुतलेली, पाणी निर्मळ आणि दर ठरलेला. फिरतीवरच्या विक्रेत्याला, परीक्षेला आलेल्या मुलीला आणि तिच्या वडिलांना हवे असते ते एवढेच. आज या कंपनीची देशात व परदेशांत मिळून दोनशेहून अधिक हॉटेले चालू आहेत, आणि त्यांत राजवाडेही आहेत व ही साधी घरेही.

आता प्रारंभीच्या शंकेकडे वळू. गरीब देशात असे घर शोभते काय? आमचे उत्तर असे की, ते शोभते किंवा न शोभते हे त्याच्या संगमरवरावरून ठरत नाही. त्या घराने समाजाला काय परत दिले यावरून ठरते. १९१४ नंतरच्या युद्धात या घराचे इस्पितळ झाले. २०२० साली करोनाच्या साथीत, सारे प्रवास थांबले असता, मुंबईतील ताजच्या खोल्या डॉक्टरांना आणि रुग्णसेवकांना राहण्यास दिल्या गेल्या. प्लेगाच्या सावलीत जे बांधावयास घेतले होते, त्याने सव्वाशे वर्षांनंतरच्या साथीत आपले दार ज्यांना भाडे परवडले नसते अशांसाठी उघडले. ही परतफेड पुरेशी आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु ती खरी आहे.

याहून मोठी परतफेड आमच्या मते माणसांची आहे. जमशेटजींनी पाहुणचाराला पोलादाच्या पंक्तीस बसविले असे मघाशी म्हटले. पोलाद शास्त्र शिकून करावे लागते हे सर्वांस मान्य होते. पाहुणचारही शिकून करण्याची विद्या आहे हे मान्य व्हावयास फार वेळ लागला. 'भटारखाना' या शब्दातला तिरस्कार पुसला गेला, हे या साखळीचे आणि तिच्यासारख्या इतर संस्थांचे मोठे कार्य होय. आज नाशिकची, साताऱ्याची, अमरावतीची मुले आचारी होण्यास शिकतात आणि आईबाप ते शेजाऱ्यांना अभिमानाने सांगतात. पन्नास-साठ वर्षांपूर्वी हे कोणी सांगितले असते तर खरे वाटले नसते.

या विद्येला राजवाडा लागत नाही, ही त्यातली आनंदाची गोष्ट. झुंबर उसने आणता येत नाही, पण शब्द पाळण्याची रीत उचलता येते. आपल्या एस. टी. स्थानकासमोरच्या लॉजमध्ये चादर रोज बदलली जाते काय, एकट्या आलेल्या बाईला आडवेतिडवे प्रश्न न विचारता खोली मिळते काय, दर पाटीवर लिहिलेला असतो काय आणि पाटीवरचाच घेतला जातो काय, पाहुण्याची विसरलेली वस्तू त्याला टपालाने परत जाते काय? यांपैकी एकाही गोष्टीस पंचवीस लाख रुपये लागत नाहीत. ताजच्या दारातून आत जाण्याचा योग आपल्यापैकी प्रत्येकाला येईल असे नाही. परंतु आपल्या गावच्या दारातून पाहुणा रोज आत येतो आहे, आणि तो बाहेर जाऊन आपल्याविषयी काय सांगेल हे ठरविणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.